मदत हवी आहे: उद्यम नोंदणीत (केंद्राची छोट्या उद्योगांची नोंदणी) 'व्यापार' पडलंय, सरकारी टेंडरमधून बाद झालो

लूमवाला_सोलापूर:
नमस्कार मंडळी. सोलापुरात आमचे सहा लूम आहेत, टॉवेल आणि चादरी. आजवर सगळा माल व्यापाऱ्याच्या दारात. यंदा धाडस करून जेमवर (सरकारी खरेदीचं ऑनलाइन पोर्टल) केंद्र सरकारच्या एका हॉस्पिटलचं टॉवेलचं टेंडर भरलं आणि टेक्निकललाच, म्हणजे दर उघडण्याआधीच्या कागद-तपासणीत, बाहेर. कारण काय, तर बयाणा रक्कम (टेंडरसोबतची अनामत) भरली नाही आणि सवलतीला पात्र नाही. उद्यम सर्टिफिकेट तर जोडलं होतं, त्यावर 'सूक्ष्म' असं छापलेलंही आहे. शेवटी भाच्यानं खालचा तक्ता दाखवला: नेट कॅफेवाल्यानं २०२१ मध्ये घाऊक व्यापाराचा कोड टाकलाय, ४६ नं सुरू होणारा. तेव्हा आम्ही दुसऱ्यांचा मालही विकायचो, त्यामुळे त्याला तरी काय बोलणार.

आता हे दुरुस्त होतं की नवी नोंदणी काढायची? एक एजंट पाच हजार मागतोय. दुसरं, आपला दर सगळ्यात कमी नसला तर विषय संपला का? आणि जिल्हा परिषदेला हेच कागद चालतात का?

निवृत्त_लेखाशाखा:
पाच हजार खिशातच ठेवा. उद्यमची नोंदणी फुकट, दुरुस्तीही फुकट. नवी काढू नका, एका उद्योगाला एकच नोंदणी. अपडेटमध्ये जाऊन उत्पादनाचा कोड टाका (कापड उद्योगाचे १३ नं सुरू होतात), मग जेमच्या प्रोफाइलमध्येही ते उतरलंय ना बघा. ओटीपी नोंदवलेल्या मोबाइलवर येतो. कॅफेवाल्यानं स्वतःचा नंबर टाकला नसेल अशी आशा करू!

२०२१ पासून व्यापाऱ्यांनाही उद्यम मिळतं, पण ते बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतं. केंद्राच्या खरेदी धोरणाची सवलत माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला. तुमचं घोडं तिथंच पेंड खातंय.

दराचं म्हणाल तर याच धोरणाच्या २०१२ च्या आदेशाप्रमाणे सर्वात कमी दरवाला सूक्ष्म-लघु नसेल आणि तुमचा दर त्याच्यापासून १५ टक्क्यांच्या आत असेल, तर त्याच्या दराला उतरून किमान २५ टक्के मालाची ऑर्डर तुम्हाला मिळू शकते. पण टॉवेलमध्ये सर्वात खाली बहुधा तुमच्यासारखाच कुणी छोटा कारखानदार असणार. मग हा नियम कामाचा नाही. याच्या भरवशावर दर चढा लावू नका.

बीओक्यूग्रस्त:
जिल्हा परिषदेला तो केंद्राचा आदेश आपोआप लागू होत नाही. महाटेंडरवर (राज्याचं टेंडर पोर्टल) प्रत्येक निविदेची अट वेगळी, बयाण्याची सवलत लिहिली असेल तरच धरा. डिजिटल सही क्लास ३ लागेल. आणि अनुभवाचे बोल: दराची एक्सेल फाइल उतरवली की तिचं नाव बदलायचं नाही. मी नावापुढं 'फायनल' जोडलं, पोर्टल फाइल घेईना, आणि मुदत संपायला वीस मिनिटं. घामाघूम झालो होतो.

निवृत्त_लेखाशाखा:
एक राहिलं. कायद्यानं तुमचं बिल माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवं. उशीर झाला तर बँक रेटच्या (रिझर्व्ह बँकेचा दर) तिप्पट चक्रवाढ व्याज, तक्रार फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (छोट्या उद्योगांच्या थकलेल्या बिलांचं सरकारी मंडळ). हक्क पक्का आहे, पण पैसे हातात यायला वेळ जातो. दोन बिलं अडकली तरी सूत उचलता येईल एवढी सोय असेल तरच भरा.

लूमवाला_सोलापूर:
काका, नंबर कॅफेवाल्याचाच निघाला! दुकानात जाऊन बसलो, त्यानं चहा पाजून ओटीपी सांगितला. नंबर बदलला, कोडही टाकला.

सुताचं मात्र खरंय. व्यापारी दर पाडून मागतो, पण पंधरवड्यात चेक देतो. ऑर्डर मिळाली तर परफॉर्मन्स गॅरंटी (काम नीट पुरं करण्याची बँकेची हमी) लागणार, आणि आमची सहकारी बँक तेवढ्याच रकमेची एफडी ठेवा म्हणते. कुणाच्या बँकेनं कमी मार्जिनवर, म्हणजे कमी रकमेची एफडी घेऊन, दिलीय का?