मदत हवी आहे: संगीत महोत्सवात स्वयंसेवक, ड्यूटी सांभाळून प्रायोजकांचे मंडप कसे बघावेत?

मंडळी, तीन दिवसांच्या संगीत महोत्सवात स्वयंसेवक म्हणून निवड झाली आहे. रोज आठ तास ड्यूटी, जागा अजून कळलेली नाही. उरलेल्या वेळात गाणी ऐकायची आहेतच, पण कंपन्यांचे मंडपही (फोटोबूथ, खेळ, फुकट वस्तू) बघायचे आहेत. शिफ्ट कोणती मागावी? आणि अनामत रक्कम परत मिळताना काय अडतं?

षड्ज: पहिली शिफ्ट मागा, संध्याकाळ मोकळी मिळते. मंडपांसमोरची रांग दोनदा ओसरते: गेट उघडल्यावर लगेच आणि मुख्य कलाकाराच्या आधी, गर्दी मंचाकडे सरकते तेव्हा. पहिली वेळ ड्यूटीत जाणार, म्हणून दुसरी धरा. मात्र वाटायच्या वस्तूंचा रोजचा कोटा ठरलेला असेल तर तोवर संपलेला असू शकतो. काउंटरवर आधीच विचारून ठेवा.

अनामत बहुतेकदा सहीपायी अडकते. येताना सगळे सही करतात, जाताना विसरतात. बदली माणूस उशिरा येतो, सुपरवायझर दुसऱ्या गेटवर असतो, आपण कंटाळून निघतो आणि नोंदीत शिफ्ट अर्धवट राहते. बदली आल्याशिवाय जागा सोडू नका. सही झाल्यावर त्या पानाचा फोटो काढा, तारीख-वेळ दिसेल असा.

काळी पाच: ड्यूटीचा टीशर्ट घालून मंडपात जाऊ नका. लोक रस्ता विचारत राहतात, शिवाय काही ठिकाणी स्वयंसेवकांना वस्तू देत नाहीत. पिशवीत साधा टीशर्ट ठेवा, ओळखपत्र मात्र खिशात हवंच.

खेळाआधी क्यूआर स्कॅन, मग मोबाइल नंबर, मग ओटीपी. गर्दीत नेटवर्क कोलमडतं आणि ओटीपी येतच नाही. नोंदणी ऑनलाइन खुली असेल तर घरूनच उरका. फॉर्मखाली ‘जाहिराती पाठवा’वर आधीच टिक असते, ती काढा. अशा नोंदण्यांसाठी वेगळा ईमेल पत्ता ठेवलेला उत्तम.

चार्जिंगला स्वतःची केबल आणि अडॅप्टर न्या. दहा हजार एमएएचची पॉवर बँक प्रत्यक्षात साधारण सहा-साडेसहा हजारच देते. आतल्या सेलचं व्होल्टेज 3.7, बाहेर द्यायचं 5, आणि या बदलात थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. म्हणजे आजचा फोन एकदा पूर्ण भरतो, वर थोडंसं.

धागाकर्ती: मनापासून आभार! ड्यूटी मंचासमोरच्या कठड्यापाशी लागली तर?

षड्ज: मग इअरप्लग हवेतच, ही गोष्ट कृपया हलक्यात घेऊ नका. 85 डेसिबलला आठ तास ही मर्यादा मानतात आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं, आणि स्पीकरजवळ आवाज याच्याही वर जातो. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर-मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत 30 सेकंद बोटाने धरून ठेवा. नुसता टोकाशी खोचलेला प्लग जवळजवळ काहीच अडवत नाही. सूचनाही ऐकायच्या असतील तर संगीतासाठीचे फिल्टरवाले प्लग घ्या, त्यांत शब्द कळतात.

काळी पाच: आणि मनगटाचा कापडी पट्टा बांधताना आत एक बोट जाईल एवढी जागा ठेवा. ते प्लॅस्टिक कुलूप एकाच दिशेने सरकतं, घट्ट झालं की कापावंच लागतं. कापलेला पट्टा गेटवर चालत नाही.