आयसीयूच्या चिठ्ठीवर रोज झिंक-सेलेनियमची अँप्युल कशाला?

हिंडलगेकर
माझे मामा सेप्सिस (जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागणं) होऊन बेळगावातल्या एका दवाखान्यात व्हेंटिलेटरवर होते. संध्याकाळी मेडिकलची चिठ्ठी यायची, त्यात अँटिबायोटिकच्या खाली ‘ट्रेस एलिमेंट्स’, म्हणजे झिंक, सेलेनियम, तांबं अशी अगदी थोडी लागणारी खनिजं, ठरलेलं. कशासाठी, विचारलं की उत्तर एकच, "ताकदीसाठी". शेजारच्या बेडचे लोक खानापूरकडच्या खेड्यातले. चिठ्ठी हातात पडली की आधी किती होतील ते विचारायचे. माझं मत स्पष्ट आहे : सरसकट देणं थांबवा. जर्मनीत सेप्सिसच्या 1089 पेशंटवर सेलेनियमची चाचणी झाली, 2016 साली निकाल आला. 28 दिवसांतल्या मृत्यूंत फायदा दिसला नाही. 2013 च्या 1223 पेशंटच्या चाचणीत सेलेनियमसोबत झिंक, व्हिटॅमिन सी, ई सगळं दिलं, तरी तेच.

निपाणीची डाएटिशियन
अजिबात पटलं नाही. त्या जर्मन चाचणीत सेलेनियम रोज 1000 मायक्रोग्रॅम होतं, म्हणजे औषध म्हणून. शिरेतून पोषण घेणाऱ्याची रोजची गरज साधारण 60 ते 100. पहिल्याचा उपयोग झाला नाही म्हणून दुसरं तोडायचं? ज्याचं आतडं चालत नाही, त्याच्या सलाईनच्या पिशवीत ग्लुकोज, अमिनो ॲसिड, फॅट असतं. झिंक, तांबं वेगळं घातल्याशिवाय येत नाही. आठवडे गेले की तोंडाभोवती चट्टे उठतात, जखम भरत नाही. भाजलेल्या पेशंटच्या तर जखमेतून पाझरणाऱ्या पाण्याबरोबर तांबं, झिंक, सेलेनियम वाहून जातं. चोवीस तास डायलिसिसवर असलेल्याचंही तसंच. अशांचं बंद करा म्हणणार का?

हिंडलगेकर
त्यांचं कोण म्हणतंय? मामांना नाकातल्या नळीतून डब्याची पावडर पुरेपूर जात होती. दिवसाला 1500 कॅलरीच्या आसपास तसं फीड गेलं की रोजची गरज त्यातच भागते.

निपाणीची डाएटिशियन
पुरेपूर जात असेल तरच ना. आमच्याकडे नातेवाईक नाचणीची आंबील फडक्यातून गाळून आणतात, नळीतून तीच घाला म्हणतात. मायेनं आणतात, नाही म्हणताना जीवावर येतं. पण नळीतून जावी म्हणून ती एवढी पातळ करतात की पोटात पाणीच जास्त जातं. त्यात जुलाब सुरू झाले की झिंक आणखी जातं.

गोकाक, लॅब
मामांचं झिंक तपासलं होतं का? तपासून कमी आलं तर द्यायलाच पाहिजे.

निपाणीची डाएटिशियन
इथं मात्र मी हिंडलगेकरांच्या बाजूनं. अंगात जंतुसंसर्ग पेटला की झिंक रक्तातून लिव्हरमध्ये ओढलं जातं, आकडा खाली येतोच. तांबं उलट वर चढतं. सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी, शेजारी ठेवल्याशिवाय तो रिपोर्ट वाचू नये.

चिकोडीचा फार्मासिस्ट
लोहाचंही बोला. हिमोग्लोबिन उतरलं की नातेवाईक लोहाची सुई मागतात. संसर्ग भरात असताना शरीर स्वतःच लोह लपवून ठेवतं, कारण जंतूंनाही तेच लागतं. तेव्हा थांबलेलं बरं. आणि कावीळ असलेल्याला तांबं, मँगनीज जपून. पित्तावाटे बाहेर पडत नाही, साठतं.

खानापूर, आशाताई
झिंकला एवढं नावं ठेवू नका. दिल्लीत गंभीर संसर्ग झालेल्या तान्ह्या बाळांना अँटिबायोटिकबरोबर रोज 10 मिलिग्रॅम झिंक दिलं, 2012 मध्ये निकाल आला, उपचार फसण्याचं प्रमाण 40 टक्क्यांनी उतरलं. जुलाबाला तर आम्ही ओआरएसबरोबर 14 दिवस देतोच.

हिंडलगेकर
ताई, बाळांचं मान्य. डाएटिशियनबाईंचंही मान्य, भाजलेला, डायलिसिसवरचा, शिरेतून पोषण घेणारा, यांना द्या. पण मग केसपेपरवर एक ओळ लिहा, अमुक कारणासाठी. नळीतून फीड पूर्ण जाणाऱ्याच्या चिठ्ठीवर ती अँप्युल का, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.