नायट्रोजन-१४ वर प्रोटॉन: जमिनीवर व्हीटो लावून का भागत नाही?

झोतशलाका: सीएनओ चक्राचा (ताऱ्यांत कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजनच्या मदतीने हायड्रोजनचं हीलियम होतं त्याचा) वेग ठरवणारी पायरी म्हणजे नायट्रोजन-१४ ने प्रोटॉन गिळून ऑक्सिजन-१५ होणं. इटलीत ग्रान सास्सोच्या भूमिगत प्रयोगशाळेतल्या लूना प्रयोगाने ती ७० केईव्हीइतक्या (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट) कमी ऊर्जेपर्यंत मोजली. त्यासाठी वर १४०० मीटर खडक कशाला लागतो? डिटेक्टरभोवती प्लास्टिक सिंटिलेटरचा व्हीटो (बाहेरून कण आला की ती नोंद बाद करणारा थर) आणि भरपूर शिसं लावलं तर? आणि जमिनीखाली गेल्यावर अडचण उरते ती कशाची?

गॅमोशिखर: आधी आकडे बघा. ७० केईव्हीला क्रॉस-सेक्शन (प्रक्रिया घडण्याच्या शक्यतेचं माप) ०.२४ पिकोबार्न, म्हणजे दिवसाला जेमतेम ११ नोंदी. १४० वरून ७० वर आलं की कूलॉम्ब अडथळ्यामुळे क्रॉस-सेक्शन सुमारे आठशे पटींनी घसरतो. सूर्याच्या गाभ्यात ही प्रक्रिया मुख्यतः २७ केईव्हीच्या आसपास चालते. तिथवर जमिनीखाली जाऊनही हात पोचत नाही.

व्हीटो म्यूऑनला (वैश्विक किरणांतून वरून येणाऱ्या कणाला) पकडतो, पण त्या क्षणापुरता. म्यूऑनने शिशात आणि लोखंडात उडवलेले न्यूट्रॉन नंतर कुठेतरी शोषले जातात आणि ७-८ एमईव्हीचे गॅमा सोडतात. आपला बेरीज-शिखराचा (एका घटनेतल्या सगळ्या गॅमांची ऊर्जा मिळून दिसणारा) सिग्नल ७.३७ एमईव्हीला, म्हणजे बरोबर त्याच गर्दीत. शिसं वाढवत नेलं तर एका जाडीनंतर ते शिसंच न्यूट्रॉनचा उगम होतं. ग्रान सास्सोत म्यूऑन दहा लाख पटींनी कमी, न्यूट्रॉन हजार पटींनी. २.६ एमईव्हीच्या खाली मात्र खडकातलं पोटॅशियम-४० आणि थोरियमची साखळी आहेच. तिथे शिसं लागतंच, फक्त खाली ते २५ सेंमी रचलं तरी उलटत नाही.

टार्गेटवाला: वरच्या उत्तरातलं सगळं आकाशातून आणि खडकातून येणाऱ्या बॅकग्राउंडबद्दल आहे. झोत स्वतः जो कचरा तयार करतो, त्याला खडक काहीच करत नाही, आणि मोजमापं बहुतेकदा तिथेच फसतात.

सगळ्यात वाईट कार्बन. व्हॅक्यूममधली तेलाची वाफ कोलिमेटरवर (झोत अरुंद करणाऱ्या छिद्रावर) आणि टार्गेटवर जिथे झोत पडतो तिथेच काळा डाग धरते. त्यातल्या १.१ टक्के कार्बन-१३ ने प्रोटॉन घेतला की ७.५५ एमईव्ही आणि वर झोताची ऊर्जा. बीजीओ डिटेक्टरला (गॅमा पकडणाऱ्या स्फटिकाला) हे शिखर आपल्या शिखरापासून वेगळं दिसतच नाही. म्हणून द्रव नायट्रोजनने थंड केलेली तांब्याची नळी टार्गेटच्या अगदी तोंडाशी न्यायची, म्हणजे वाफ तिच्यावर गोठते. बोरॉनचा १६३ केईव्हीचा आणि फ्लोरिनचा ३४० केईव्हीचा रेझोनन्सही (ज्या ठरावीक ऊर्जेला प्रक्रिया एकदम वाढते ती जागा) तपासून ठेवा.

टँटलमवर बसवलेलं टायटॅनियम नायट्राइड वापरत असाल तर नायट्रोजन-१४ च्या २७८ केईव्हीच्या रेझोनन्सवर वारंवार स्कॅन घ्या, म्हणजे झोताची ऊर्जा थोडी थोडी बदलत नोंदींचा आलेख काढा. पुढची कड वरच्या ऊर्जेकडे सरकली तर पृष्ठभागावर कार्बन बसलाय. मागची कड खाली आली तर थर झिजलाय. माथाच खचला तर नायट्रोजनचं प्रमाण बिघडलंय. यातलं काहीही दिसलं की टार्गेट बदला, दुरुस्ती-गुणक लावत बसू नका.

७० केईव्हीचं मोजमाप मात्र खिडकी नसलेल्या गॅस टार्गेटवर, साधारण १ मिलिबार दाबाला झालं. गॅसमध्ये आयनांचा विद्युतभार बदलतो, त्यामुळे फॅराडे कपने (झोताचा विद्युतभार गोळा करणाऱ्या भांड्याने) मोजलेला प्रवाह भरवशाचा नाही, झोताची उष्णता मोजणारा कॅलरीमीटरच हवा. गरम बाजू ७० अंशांवर स्थिर ठेवायची, झोत आल्यावर हीटरची वीज जितकी वाचली त्यावरून प्रवाह काढायचा. झोताच्या रेषेत गॅस तापून विरळ होतो, तेही हिशेबात धरा. शेवटी नायट्रोजन काढून हीलियम भरून तेवढाच झोत चालवा: जे शिखर तरीही दिसतं ते यंत्राचं.

झोतशलाका: आभारी आहे. ऊर्जेची अचूकता किती लागते? आणि मग जमिनीवरच्या यंत्रांचं काम उरतं का?

गॅमोशिखर: १०० केईव्हीला ऊर्जा १ केईव्हीने चुकली तर क्रॉस-सेक्शन सुमारे १० टक्क्यांनी चुकतो. लूनाच्या ४०० किलोव्होल्ट यंत्रात ती ०.३ केईव्हीपर्यंत माहीत आहे. आणि हो, काम भरपूर उरतं. २७ केईव्हीपर्यंतचा आकडा आर-मॅट्रिक्सने (मोजलेल्या आकड्यांना सूत्र बसवण्याच्या पद्धतीने) ताणूनच काढावा लागतो, त्याला वरच्या ऊर्जांचा पक्का डेटा लागतो, आणि तिथे क्रॉस-सेक्शन मोठा असल्याने खडकाची गरज नसते.