रनर्स ग्रुप (ए, बी, सी विंग): ऑफ-सीझनला जिम की पळणं?

बी-४०३: गुड मॉर्निंग मंडळी. मुंबई मॅरेथॉन झाली, आता सप्टेंबरच्या सातारा हिल मॅरेथॉनपर्यंत काही नाही. तीन महिने पळणं बंद ठेवून नुसती जिम करावी म्हणतोय. पेडर रोडच्या चढाला पायात जीवच उरला नव्हता. चालेल का?

सी-१०२ काका: जिम कशाला? वेताळ टेकडी आहे की! आम्ही घरात बैठका मारायचो, त्यावर निभलं सगळं.

ए-९०१: काका, बैठका म्हणजे जिमच की. तुम्ही फुकटात केलीत एवढंच 😄

ए-९०१: बी-४०३, पूर्ण बंद नको रे. मेमध्ये पुन्हा सुरू करशील तेव्हा पुण्याचा उन्हाळा आणि गेलेला दम, दोन्ही एकदम अंगावर येतील.

बी-४०३: मग ताई, दोन्ही केलं तर जिममुळे पाय जड होऊन स्पीड जाणार नाही का?

सी-७०४ डॉक्टर: ही भीती उलटी आहे. अमेरिकेत रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० मध्ये प्रयोग केला होता. ताकदीचा आणि दमाचा व्यायाम एकत्र करणाऱ्यांची ताकद सात-आठ आठवड्यांनी वाढायची थांबली, दम मात्र घटला नाही. म्हणजे झळ बसते ती जिमला. तेही आठवड्यातून पाच दिवस वजनं आणि सहा दिवस दमाचा व्यायाम करून. आपल्यातलं कोण एवढं करतंय?
त्यांनीच पुढे वेळ कमी करून पाहिलं. वेळ दोन तृतीयांशाने कापला पण जोर तोच ठेवला, तेव्हा व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते माप) टिकला. जोर कमी केला की उतरला. वेळ फारच कापलेल्यांची लांब टिकायची ताकद मात्र घसरली. तेव्हा किलोमीटर निम्मे केलेस तरी हरकत नाही, पण आठवड्यात एकदा जोरात पळ आणि रविवारचा लाँग रन सोडू नकोस. दहा-बारा किमी पुरे.

बी-२०६: +१

बी-४०३: ओके डॉक्टर. मग सोम-गुरु लेग डे, मंगळवारी टेंपो (सलग वेगात पळणं), शुक्रवारी हिल्स. जमेल?

ए-९०१: अजिबात नाही 🙈 लेग डेची खरी दुखणी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतात, आणि तू नेमका तेव्हाच टेंपो टाकलायस. मंगळवारी सकाळी टेंपो, त्याच संध्याकाळी जिम. बुधवारी गप्पा मारत पळायचं किंवा सुट्टी. अवघड ते सगळं एका दिवसात कोंबायचं, नाहीतर सोपे दिवस सोपे राहतच नाहीत. शुक्रवारी परत तसंच. दोनदा जिम बास.

ए-९०१: आणि ते दोन किलोचे गुलाबी डंबेल घेऊन वीस-वीस रेप्स (उचलण्याच्या फेऱ्या) नकोत. रेप्स आपण रस्त्यावर हजारोंनी मारतोच. पाच-सहा रेप्स, शेवटी अजून दोन निघतील एवढंच वजन. स्क्वॉट, डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), लंजेस.

सी-७०४ डॉक्टर: पोटऱ्या विसरू नका. जिन्याच्या पायरीच्या कडेवर एका पायावर उभं राहायचं, टाच पायरीच्या खाली पूर्ण जाऊ द्यायची, तीन मोजत वर यायचं. एक सेट गुडघा सरळ ठेवून, एक वाकवून. वाकवल्यावर पोटरीतला आतला स्नायू, सोलियस, काम करतो, चढाला तोच लागतो. हे रोज करू नका, आठवड्यातून दोनदा पुरे.

सेक्रेटरी: विषय निघालाच आहे म्हणून: रात्री साडेआठनंतर क्लबहाऊसमध्ये वजनांचा बार आपटू नये. खालच्या मजल्यावरून तक्रार आली आहे. आणि जिन्यात व्यायाम करताना दिवा चालू ठेवून जाऊ नये.

बी-२०६: आपटणारे बॉडीबिल्डर वेगळे आहेत सर, आम्ही नाही 🙏

सी-१०२ काका: डॉक्टर, मी डेडलिफ्ट केलं तर चालेल का?

सी-७०४ डॉक्टर: काका, आधी बीपी दाखवून जा. मग आठ किलोच्या केटलबेलने सुरुवात करा, रिकामा बारही वीस किलोचा असतो. उचलताना श्वास कोंडू नका.

सी-१०२ काका: आठ किलो म्हणजे आमच्याकडची गव्हाची पिशवी. शिकवणार कोण?

ए-९०१: मी शिकवते काका. उद्या संध्याकाळी साडेसात, क्लबहाऊस. बी-४०३, तूही ये, तुझी पाठ वाकते डेडलिफ्टला.

सेक्रेटरी: साडेसात ते साडेआठ झुंबा आहे.