मदत हवी आहे: नानांचं रेडिएशन, नळीतलं जेवण आणि भेटायला येणारी माणसं

बोरीकाठ (धागाकर्ती):

नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्याची लेक. सासर धुळ्याला, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्या वडिलांना, नानांना, गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर निघाला. वय 63. तंबाखू-चुना जवळजवळ चाळीस वर्षं. तोंडातला पांढरा चट्टा त्यांनी आठ महिने कुणाला दाखवला नाही. तोंड उघडेना, भाकरी दुधात कुस्करून खायला लागले, तेव्हा मायच्या लक्षात आलं.

मागच्या महिन्यात परळला टाटा मेमोरियलमध्ये ऑपरेशन झालं. जबड्याचा डावीकडचा तुकडा आणि मानेतल्या गाठी काढल्या, छातीवरचं मांस फिरवून तिथे लावलं. नाकात नळी आहे, सगळं जेवण तिच्यातूनच. आता 30 रेडिएशन सांगितलेत. सोमवार ते शुक्रवार, म्हणजे 6 आठवडे, आणि आठवड्यातून एकदा केमो. ऑपरेशननंतर साधारण 6 आठवड्यांच्या आत हे सुरू व्हायलाच हवं, असं डॉक्टरांनी बजावलंय. आमच्या हातात 12 दिवस आहेत.

घरातलं कुणीही मागे हटलेलं नाही, हे आधी सांगते. धाकटा भाऊ पुण्याला कंपनीत आहे, त्याने साठवलेल्या सगळ्या रजा काढल्या. वहिनी पहाटे चारला उठून डाळीचं पाणी आधी चाळणीतून, मग धुतलेल्या मलमलीतून गाळते. काकांचं आणि नानांचं बांधावरून सात वर्षं बोलणं नव्हतं. ऑपरेशनच्या सकाळी काका आमच्या आधी परळला पोचलेले होते. आता आमच्या कपाशीला त्यांच्या विहिरीचं पाणी चालू आहे. त्यावर घरात कुणी काही बोललं नाही, मीही बोलणार नाही.

तरीही काही गोष्टी आमच्या आवाक्याबाहेर चालल्यात.

सगळ्यात जास्त त्रास भेटायला येणाऱ्यांचा होतोय. असं लिहिताना वाईट वाटतं, कारण येणारा प्रत्येक जण मायेने येतो. पाचोऱ्याहून, शिरपूरहून, सुरतेहून गाड्या भरून माणसं येतात. सकाळी आठपासून ओटा भरलेला. माय चहा करून करून थकते. कुणी पाला आणतं, कुणी कुठल्या बाबाची पुडी. परवा एका नातेवाइकांनी नानांच्या खाटेशी बसून दादाला विचारलं, "डॉक्टरनं किती दिवस सांगितले?" नानांनी भिंतीकडे तोंड फिरवलं ते संध्याकाळपर्यंत. त्यांना बोलता येत नाही, ऐकू तर येतं ना! पण आमच्याकडे दारातून माणूस परत पाठवणं म्हणजे काय, ते खानदेशातल्या लोकांना सांगायला नको. हे कसं थांबवावं?

दुसरं, मुंबईत 6 आठवडे कुणी राहायचं? दादा गेला तर कापसाची वेचणी अडते. मी गेले तर शाळा. मायला नानांना सोडून राहायचं नाही, पण तिला स्वतःला बीपी आहे आणि मुंबईत ती एकटी रस्ता ओलांडू शकत नाही.

आणि नाना. मी शाळेतून एक पाटी आणून दिलीय. ते चौथी शिकलेले, अक्षर छान आहे. पाटीवर फक्त शेताचं लिहितात, "कपाशीले पानी दिन्हं का?" दुखतंय का, भीती वाटते का, या प्रश्नांना पाटी उलटी ठेवतात. नळीतून जेवण देताना सगळ्यांना खोलीबाहेर काढतात, फक्त माय चालते.

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी कृपया सांगा. काय करावं?

गिरणामाई:

ताई, आधी नळीचं सांगते, कारण तिथे चूक झाली तर महागात पडते. माझ्या सासऱ्यांना पाच महिने नळी होती.

झोपलेल्या माणसाला कधीही देऊ नका. पाठीला तक्क्या लावून बसवा आणि दिल्यावर किमान अर्धा तास तसंच बसू द्या. एका वेळी 200 ते 250 मिली, दर दोन-अडीच तासांनी. सिरिंजने ढकलू नका, सिरिंज वर धरा आणि आपोआप उतरू द्या. आधी आणि नंतर साधं पाणी सोडा, नाहीतर नळी तुंबते. नाकाशी नळीवर पेनाने खूण करून ठेवा. खूण बाहेर सरकलेली दिसली, किंवा देताना जोराचा खोकला आला, श्वास लागला, तर लगेच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. घरी नळी आत सरकवायची नाही.

वहिनी डाळीचं पाणी गाळते ते चांगलंच, पण नुसत्या पाण्यावर माणूस खंगतो. रेडिएशनमध्ये वजन उतरलं तर उपचार मध्येच थांबवायची पाळी येते. मुगाची डाळ आणि तांदूळ मऊ शिजवून, मिक्सरला अगदी बारीक करून, त्यात चमचाभर तूप घालून मग गाळा. नागलीची पेज दुधात. दुधात केळं फिरवून गाळलेलं. अंडं चालत असेल तर नीट उकडून, दुधात वाटून. आहारतज्ज्ञांना भेटून दिवसाचं माप लिहूनच घ्या, त्या वजन बघून ठरवून देतात.

सातपुडा:

राहण्याचं. माझ्या आईच्या वेळी मी दादरला संत गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो होतो, कॅन्सरच्या रुग्णांसाठीच मोठी सोय आहे. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदनही आहे. दोन्हीकडे गर्दी असते. टाटामध्ये मेडिकल सोशल वर्कर बसतात, त्यांना आधी भेटा, त्यांचं पत्र असलं की काम सोपं जातं. रेडिएशन परळलाच की खारघरच्या ॲक्ट्रेकला (टाटाचंच दुसरं केंद्र), हेही आजच विचारून घ्या. खारघर निघालं तर दादरची खोली घेऊन रोजचा प्रवास नानांना झेपणार नाही.

रेल्वेचं लक्षात ठेवा. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत मिळते, सोबतच्या एका माणसाला 75 टक्के. दवाखान्यातून ठरावीक नमुन्यातला फॉर्म डॉक्टरांच्या सहीशिक्क्याने घ्यायचा आणि आरक्षणाच्या खिडकीवर द्यायचा. जळगावहून दादरला जाताना खालचा बर्थ मागा.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन बसलं असेल, तरी रेडिएशनची मंजुरी वेगळी लागते. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला गाठा. योजनेचा फोन 155388.

बोरीकाठ:

गिरणामाई, खूण करायचं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आत्ता केली. वहिनीला तुमचा पूर्ण प्रतिसाद वाचून दाखवला, ती लिहून घेतेय.

सातपुडा, दादाने फोन केला, परळलाच आहे. फॉर्म घ्यायला धाकटा उद्या जातोय. मुंबईत कुणी कधी राहायचं, त्या पाळीचं मात्र अजून ठरत नाही, आज घरात त्यावरून आवाज चढले. दादा म्हणतो मी जातो, कापूस गेला तर गेला. माय रडायला लागली, कारण नानांना कापूस गेलेला कळला तर ते रेडिएशन सोडून परत येतील. ते तसे आहेत.

पांझराकाठचा:

मी अशा आजारातून गेलेला माणूस आहे. मला 2019 मध्ये जिभेचा झाला होता. रुग्णाच्या बाजूने लिहितो.

पाटी उलटी ठेवतात म्हणजे त्यांना बोलायचं नाही असं नाही. "भीती वाटते का" याला हो किंवा नाही एवढंच उत्तर असतं, आणि बापमाणूस लेकीला हो म्हणत नाही. त्यांना शेताचंच विचारा. शेताबद्दल निर्णय मागा. कापसाचा पहिला वेचा विकायचा की ठेवायचा, मजूर कुठले लावायचे, हे त्यांना ठरवू द्या. मला दीड महिना सगळे जपत होते, पण कुणी काही विचारत नव्हतं. घरात असून मी घरातून निघून गेल्यासारखा झालो होतो.

नळीच्या वेळी बाहेर काढतात ते त्यांचं ऐका. पंगतीत चारचौघांसोबत जेवलेल्या माणसाला ते फार अवघड जातं.

दात तपासून घेतलेत का? रेडिएशनआधी ते लागतंच, किडके दात आधीच काढतात. पुढे दोन-तीन आठवड्यांनी तोंड आतून सोलवटतं. कोमट पाण्यात थोडं मीठ आणि खायचा सोडा घालून दिवसातून सात-आठ वेळा गुळण्या, दवाखान्यातल्या माणसाने त्यांची पद्धत दाखवल्यावरच. मानेची कातडी काळी पडते. तिथे वस्तरा नाही, विचारल्याशिवाय तेल-मलम नाही, सुती सैल सदरा, उन्हात उपरणं. तोंड उघडायचा व्यायाम चुकवू नका. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकीवर एक ठेवून दातांत धरायला सांगतात आणि हळूहळू एकेक वाढवतात. मी कंटाळा केला, आज माझ्या तोंडात दोनच बोटं जातात. केमोच्या दिवसांत ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला तर सकाळची वाट बघायची नाही.

एक विचारू का? घरात आणखी कोण तंबाखू खातं?

बोरीकाठ:

दादा खातो. मी हे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नाही, कारण लाज वाटली. तो नानांजवळ तासन् तास बसतो, पाय चेपतो, आणि मध्येच उठून गोठ्यामागे जाऊन येतो. नानांना वासावरून कळतं. त्यांनी पाटीवर एकदाच शेताशिवाय काही लिहिलं, ते दादासाठी होतं, "पुडी फेक." दादाने फेकली आणि तिसऱ्या दिवशी परत आणली. त्याच्यावर ओरडायला माझी जीभ वळत नाही.

पांझराकाठचा:

ओरडू नका, पण सोडूही नका. 1800-11-2356 ही तंबाखू सोडवण्यासाठीची सरकारी फोनसेवा आहे, पैसे लागत नाहीत, समुपदेशक बोलतात आणि नंतरही पाठपुरावा करतात. मुंबईला गेलात की त्यांचंही तोंड तिथे दाखवून घ्या.

अनेर:

ताई, भेटणाऱ्यांचं. आमच्या चोपड्याकडेही हीच रीत. वडिलांच्या वेळी आम्ही घरातल्या मोठ्या माणसाला ओट्यावर बसवलं. सुनेने किंवा लेकीने अडवलं तर बोल लागतो, भाऊबंदकीतल्या वडीलधाऱ्याने सांगितलं तर लागत नाही. तुमचे काका आहेतच. त्यांनी एवढंच म्हणायचं, "केमो चालू व्हायचीये, डॉक्टरांनी जवळ जाऊ नका सांगितलंय." ते खोटंही नाही, त्या दिवसांत पांढऱ्या पेशी उतरतात, सर्दी-खोकल्याचा माणूस जवळ नकोच.

आणि येणाऱ्याला काम सांगा. "काय लागलं तर सांगा" असं प्रत्येक जण म्हणतो ना, मग सांगा. कुणी एक दिवस वेचणीला चार माणसं द्यावीत. कुणी आठवडाभर म्हशींचं बघावं. मुंबईत असलेल्या नातेवाइकाने रविवारी डबा द्यावा आणि मायला दोन तास झोपू द्यावं. मायेने आलेल्या माणसाला हात रिकामे घेऊन परत जायला आवडत नाही, म्हणून तो पाला आणतो.

बोरीकाठ:

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. उद्या रात्री जळगावहून निघतोय.

काका तीन दिवस ओट्यावर बसले. पहिल्या दिवशी एक पाव्हणे रागावून गेले, दुसऱ्या दिवशी तेच वेचणीला सहा माणसं घेऊन आले. अनेर, तुमचे उपकार कसे फेडू.

पाळी अशी ठरलीय. माय सहाही आठवडे. पहिले दोन आठवडे धाकटा, मग दोन आठवडे वहिनी, शेवटचे दोन मी, कारण तोंडाचा त्रास तेव्हा सगळ्यात जास्त असेल आणि मला बिनपगारी रजा मिळतेय. वहिनीची मुलं धुळ्याला माझ्याकडे. दादा शेतावर, दर शनिवारी रात्री गाडीत बसणार, रविवार नानांजवळ. त्याने त्या नंबरवर फोन केला. आज पाचवा दिवस आहे, यापुढचं मी काही लिहीत नाही.

पांझराकाठचे दादा, तुमचा प्रतिसाद मी चार वेळा वाचला. काल नानांना विचारलं की पहिला वेचा विकायचा का. त्यांनी पाटी दोन्ही बाजूंनी भरली. भाव, व्यापारी, गाठोडी कुठे ठेवायची, सगळं. मग पाटी पुसून मायसाठी लिहिलं. यंदा वांगी घरची असूनही मायने भरीत केलेलं नाही, ते खाऊ शकत नाहीत म्हणून. आम्ही सगळे काकांच्या घरी जाऊन जेवतो. नानांना ते माहीत होतं. "भरीत करा. माले वास तं येऊ द्या."

आज अंगणात काड्यांवर वांगी भाजली. नानांची खाट दारात आणून ठेवली होती.

एक शेवटचं विचारायचं राहिलं. धर्मशाळेत मिक्सर चालवू देतात का, की घरून डाळ-तांदळाचं पीठ भाजून न्यावं? कुणाला माहीत असेल तर उद्या दुपारपर्यंत सांगा, वहिनी थांबलीय.