एकाच गाण्याचे दोन ठेके: ‘विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’

वसंतविलंबित:
जो कॉकरने गायलेले ‘विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’ मी आधी ऐकले आणि बीटल्सचे मूळ गाणे पुष्कळ नंतर, त्यामुळे मूळ गाणेच मला थोडे पोरकट वाटले. शब्द जवळजवळ तेच आहेत, चालही ओळखू येते. तरीही एक गाणे मित्रांच्या घोळक्यात सहज म्हटल्यासारखे आहे, तर दुसऱ्यात माणूस जिवाच्या आकांताने मदत मागत असल्याचा भास होतो. हा फरक केवळ कॉकरच्या खरखरीत आवाजाचा आहे, की गाण्याच्या बांधणीतच काही बदलले आहे? शिवाय मूळ गीतकार-संगीतकार हयात असताना त्यांना न विचारता असा बदल करता येत होता का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

तिरकीट:
आवाजाचा वाटा आहेच, परंतु मुख्य बदल ठेक्यात आहे. बीटल्सचे गाणे चारच्या हिशेबात, चालत्या लयीत जाते. कॉकरने लय पुष्कळ उतरवली आणि तेच गाणे सहाच्या हिशेबात बसवले. आपल्या कानाच्या सोयीसाठी असे म्हणता येईल की केरव्यातले गाणे विलंबित दादऱ्यात गेले. त्यामुळे दोन ओळींच्या मध्ये भरपूर मोकळी जागा निर्माण झाली आणि ती जागा बी. जे. विल्सनच्या ड्रम्सनी, टॉमी आयरच्या ऑर्गनने आणि जिमी पेजच्या गिटारने भरून काढली. पावणेतीन मिनिटांचे गाणे पाच मिनिटांच्या पुढे गेले ते यामुळेच.

मूळ गाणे ज्याच्यासाठी रचले गेले, तो गायकही लक्षात घ्यायला हवा. बीटल्समधील लेनन आणि मॅकार्टनी यांनी ते आपल्याच ड्रमवादकासाठी, रिंगो स्टारसाठी लिहिले होते, आणि रिंगोच्या गळ्याची मर्यादा त्यांना ठाऊक असल्याने चाल बहुतेक पाचेक स्वरांच्या आतच फिरते. मार्च 1967 मध्ये ॲबी रोडच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा शेवटचा लांबवलेला उंच सूर लावायला रिंगो कचरत होता आणि बाकीच्यांनी जवळ उभे राहून त्याला धीर दिला. गाण्यात जे सांगितले आहे तेच तेथे प्रत्यक्ष घडत होते. म्हणून ‘पोरकट’ हा शब्द मला मान्य नाही; त्या गाण्याचा साधेपणा हिशेबाने आणलेला आहे.

जुनी तबकडी:
तिरकीट यांचे केरवा-दादऱ्याचे समीकरण समजायला सोपे असले तरी ते पुरते जुळत नाही. बीटल्सच्या गाण्यातील चार ठोके सपाट नाहीत. प्रत्येक ठोका आतून तीन भागांत विभागलेला आहे आणि मधला भाग सहसा रिकामा राहतो. गाण्याला जो हिंदोळा मिळतो, तो त्यातूनच. म्हणजे तीनचा हिशेब मुळातच दडलेला होता. कॉकरने लय इतकी खाली आणली की ते तीन भाग स्वतंत्रपणे मोजता येऊ लागले. हेडफोन लावून मूळ गाण्यातील ठोक्यांवर ‘एक-दोन-तीन’ असे मोजून पाहावे. थोडे घाईने मोजावे लागेल, पण ते बसते. चाल मोडली तरी परकी वाटत नाही, याचे कारण मला तरी हेच दिसते.

दुसरा बदल संवादाचा. मूळ गाण्यात मित्र प्रश्न विचारतात आणि रिंगो शांतपणे उत्तरे देतो; प्रश्नकर्ते आणि उत्तर देणारा एकाच बाकावर बसले आहेत असे वाटते. कॉकरकडे प्रश्न स्त्रियांच्या समूहस्वरात येतात, चर्चमधील गायनासारखे, आणि त्यांचे वाक्य संपायच्या आत तो उत्तराला तुटून पडतो. प्रश्न तेच असले तरी आता ते उलटतपासणीसारखे ऐकू येतात.

पहिल्या कडव्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. मी बेसूर गायलो तर तुम्ही काय कराल, या प्रश्नात आधी टोमॅटो फेकण्याचा उल्लेख होता आणि रिंगोने तो गायला नकार दिला. मैफलीत प्रेक्षक बीटल्सवर जेली बेबी नावाच्या गोळ्या फेकत असत. पुढे टोमॅटो येतील ही त्याची भीती अगदीच निराधार नव्हती.

कायदेपंडित नव्हे:
परवानगीबाबत लिहितो. 1956 च्या ब्रिटिश कॉपीराइट कायद्यानुसार, गाण्याची रेकॉर्ड एकदा संमतीने बाजारात आली की ठरावीक मानधन भरून आणि रीतसर सूचना देऊन दुसऱ्याला ते ध्वनिमुद्रित करता येत असे. कॉकरच्या बाबतीत मात्र रुसव्याफुगव्याचा प्रश्नच आला नाही. तो आणि निर्माता डेनी कॉर्डेल यांनी झालेले ध्वनिमुद्रण स्वतः मॅकार्टनीला नेऊन ऐकवले आणि तो भारावून गेला. 2014 मध्ये कॉकर वारला तेव्हाही मॅकार्टनीने कृतज्ञतेने ही आठवण सांगितली. रचनेचे मानधन अर्थातच लेनन-मॅकार्टनी यांच्या खात्यावर जमा होत राहिले, गायक रिंगोच्या नव्हे.

आणखी एक गंमत अशी की बीटल्सने हे गाणे त्या काळी सिंगल म्हणून, म्हणजे एकट्या गाण्याची सुटी रेकॉर्ड म्हणून, काढलेच नाही, त्यामुळे इतरांना रान मोकळे मिळाले. ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते तीनदा पहिल्या क्रमांकावर गेले आणि तिन्ही वेळा दुसऱ्यांच्याच आवाजात: 1968 मध्ये कॉकर, 1988 मध्ये बालकांच्या मदतवाहिनीसाठी वेट वेट वेट हा बँड आणि 2004 मध्ये ‘पॉप आयडॉल’ या टीव्हीवरील गायनस्पर्धेतले सॅम आणि मार्क. शेवटचे ऐकले नाही तरी चालेल.

वसंतविलंबित:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे मोजून पाहिले आणि तीनचा हिशेब खरोखरच सापडला. कॉकरचे स्टुडिओतले गाणे ऐकावे की अमेरिकेतील वुडस्टॉक संगीतमहोत्सवातले, याबद्दलही मत द्यावे.

जुनी तबकडी:
दोन्ही ऐकावीत, परंतु आधी स्टुडिओतले. वुडस्टॉकला, ऑगस्ट 1969 मध्ये, त्याच्याबरोबर गायिका नव्हत्या, म्हणून त्याच्या साथीच्या ग्रीस बँडमधील पुरुष वादकच चिरक्या, चोरट्या आवाजात ते प्रश्न गातात. पहिल्यांदा ऐकताना हसू येते. कॉकरच्या हवेत गिटार वाजवणाऱ्या हातांकडे लक्ष जाऊ लागले की मात्र ते चिरके आवाज खटकेनासे होतात.