इनोव्हा: जुनी, क्रिस्टा की हायक्रॉस?

सात माणसांसाठी टोयोटाची २०१३ची जुनी इनोव्हा घ्यावी, २०१८ची क्रिस्टा की नवी हायक्रॉस, असं तुम्ही विचारलंत. त्यावर बरीच चर्चा झाली, पण सगळी किमतीभोवतीच. मुळात या एका नावाच्या दोन वेगळ्या जातीच्या गाड्या आहेत. जुनी आणि क्रिस्टा लॅडर फ्रेमवर, म्हणजे ट्रकसारख्या वेगळ्या मजबूत सांगाड्यावर, मागच्या चाकांना ताकद. हायक्रॉस मोनोकॉक, म्हणजे बॉडी आणि सांगाडा एकच, पुढच्या चाकांवर चालणारी. भरल्या गाडीने घाट आणि गावाकडचे खड्डे नेहमीचेच असतील, तर माझं मत सरळ क्रिस्टाला.

जुन्या २.५ लिटर डिझेल इंजिनाला टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची वेळ साधणारा पट्टा) आहे, साधारण दीड लाख किलोमीटरला बदलावा लागतो. विकणाऱ्याने तो बदलला का, याचं बिल मागा. तोंडी 'हो'वर जाऊ नका. क्रिस्टाच्या २.४ला चेन आहे, ती कटकट नाही. शिवाय २०१३ची गाडी २०२८मध्ये पंधरा वर्षांची होईल, म्हणजे फिटनेस, नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर आलाच. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) आधी टॅक्सी परवाना होता का, तेही बघा. पिवळी पाटी पांढरी करून विकलेल्या इनोव्हा कमी नाहीत, आणि त्यांच्या मीटरवर माझा तरी विश्वास नाही.

हायक्रॉस हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही असलेली) शहरातल्या ट्रॅफिकमध्ये खरी कमाल करते. तिसऱ्या रांगेत मोठी माणसंही नीट बसतात. क्रिस्टात तिथे गुडघे वर येतात. हायब्रिड बॅटरीला ८ वर्षं किंवा १.६ लाख किलोमीटर वॉरंटी आहे. रोजचं धावणं किती, ते सांगा ना.